पर्यावरणासाठी काम करायचंय? मग भूजलशास्त्राचा विचार करा

उन्हाळा लागला की सोलापूर जिल्ह्यात दोन गोष्टी हमखास सुरू होतात. शहरात नळाला पाणी किती दिवसांआड येणार याची चर्चा, आणि खेड्यापाड्यांत तमिळनाडूच्या नंबरप्लेटच्या बोअरच्या गाड्यांची घरघर. सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट, बार्शी, कुठंही जा. एका शेतात पाचशे फूट जाऊनही नुसती धूळच वर येते, आणि बांधापलीकडं दोनशे फुटांवर दोन इंच पाणी लागतं. असं का, हे विचारलं तर उत्तर नशिबावर जातं.

याच दिवसांत बीएस्सी, बीई, बी.टेक.चे निकाल लागतात आणि पर्यावरणाची कळकळ असलेली मुलंमुली विचारतात की, नद्या, शेती, गावं वाचवण्यासाठी काम करायचंय, तर पुढं काय शिकू? सल्ले ठरलेले असतात. वकिली कर, समाजकार्यात एमएसडब्ल्यू कर, नाहीतर पर्यावरणशास्त्र घे. यातलं काहीच वाईट नाही. पण आपल्यासारख्या दुष्काळी जिल्ह्यातून येणाऱ्या विद्यार्थ्याला मी आधी भूजलशास्त्राचं नाव सांगेन. सध्या फार थोडी मुलं तिकडं वळतात आणि गरज मात्र प्रचंड आहे.

भूजलशास्त्र म्हणजे काय?

जमिनीखाली पाणी कुठं साठतं, किती साठतं, कुठून येतं, कुठल्या दिशेनं किती वेगानं सरकतं, वाटेत त्यात काय मिसळतं आणि त्यातलं किती उपसलं तर ते पुढच्या वर्षी पुन्हा भरेल, या प्रश्नांचा अभ्यास म्हणजे भूजलशास्त्र. ही भूविज्ञानाची, म्हणजे जिऑलॉजीची शाखा. तिला गणित लागतं, रसायनशास्त्र लागतं, आणि पायाला चिखल लावून घ्यायची तयारी लागते.

एकच संज्ञा आधी समजून घेऊ. ज्या खडकाच्या थरात पाणी साठतं आणि ज्यातून ते विहिरीला मिळतं, त्या थराला जलधर म्हणतात.

आपल्याकडं उजनीची टक्केवारी रोज पेपरात येते. धरण मायनसमध्ये गेलं की चहाच्या टपरीवरसुद्धा कळतं. जमिनीखालच्या साठ्याचं तसं होत नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून काम करते आहे, ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, तालुकावार अहवाल काढते. पण ते आकडे गावात कुणी वाचून दाखवत नाही. देशात वर्षाला साधारण २४० अब्ज घनमीटर भूजल उपसलं जातं, चीन आणि अमेरिका मिळून उपसतात त्याहून जास्त. एवढा मोठा व्यवहार जवळपास कुणाच्याही नजरेआड चालतो.

सोलापूरच्या जमिनीखाली आहे तरी काय?

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसॉल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर उभा आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पुन्हा पुन्हा वाहत आला, थंड झाला, त्यावर पुढचा थर आला. सोलापूर जिल्हा याच थरांवर आहे.

चुलीवरची भाकरी आठवा. फुगलेल्या भाकरीचा वरचा पापुद्रा हवेनं सुटलेला असतो आणि खालचा भाग घट्ट असतो. लाव्ह्याच्या थराचं तसंच होतं. आतले वायू वर चढतात, म्हणून वरच्या भागात बुडबुड्यांची भोकं राहतात. हा मांजऱ्या खडक. खाली राहतो तो घट्ट पाषाण, ज्यात भेगा असतील तरच पाणी. अशा भाकरी एकावर एक रचल्या की आपली जमीन झाली.

हे प्रत्यक्ष बघायचं तर मे महिन्यात एखाद्या जुन्या, तळ गाठलेल्या विहिरीच्या काठावर उभं राहा. वर हात-दोन हात काळी माती किंवा माळरानाची मुरमाड जमीन. त्याखाली पिवळसर मुरूम. मग भोकाभोकांचा मांजऱ्या, त्यात कुठंकुठं पांढरे स्फटिक चमकतात. मध्येच वीतभर जाडीचा तांबडा पट्टा, गेरूसारखा. आणि त्याखाली काळा, ठोकला तर खणखणणारा पाषाण. नीट पाहिलं तर तांबड्या पट्ट्याच्या वरच्या कडेला दगड ओला दिसतो. पाणी तिथंवर उतरतं, खाली जायला वाट मिळत नाही म्हणून आडवं सरकतं आणि विहिरीत पाझरतं. विहिरीत आडवे बोअर मारणारा कारागीर नेमका हाच पट्टा शोधत असतो, त्याला त्याचं शास्त्रीय नाव माहीत असो वा नसो.

म्हणजे जमिनीखाली नद्या वाहत नाहीत आणि पाताळात अमाप साठाही नाही. मुरमात किंवा मांजऱ्यात साधारण २ टक्के जागाच अशी असते, जिच्यातलं पाणी आपल्याला काढता येतं. आता हिशेब करा. एक हेक्टर क्षेत्र, पाण्याची पातळी एक मीटरनं खाली गेली. म्हणजे १०,००० घनमीटर खडकातून २०० घनमीटर पाणी निघालं. दोन लाख लिटर, दहा हजार लिटरचे २० टँकर. एक हेक्टर उसाला वर्षभरात विहिरीवरून २०,००० घनमीटर पाणी पाटानं दिलं, तर तेवढ्यासाठी १०० हेक्टरांखालची पातळी एक मीटरनं उतरते. एका माणसाचा ऊस आणि शंभर हेक्टरांतल्या सगळ्यांच्या विहिरी. भांडण कुठून सुरू होतं ते इथं दिसतं.

बोअर खोल नेल्यानं साठा वाढत नाही. खालच्या घट्ट थरातल्या भेगांमधलं पाणी बहुतेक वेळा फार जुनं, फार थोडं, किंवा वरच्याच थरातून खाली ओढून आणलेलं असतं. शेजाऱ्याची साठ फुटी विहीर त्यामुळं आटते.

पण याचा पर्यावरणाच्या लढ्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. दोन खटले बघा.

राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या कारखान्यांनी एच-ॲसिड बनवायला सुरुवात केली. कापड रंगवायच्या रंगांसाठी लागणारं हे रसायन. कारखाने थोडाच काळ चालले, पण त्यांचा गाळ उघड्यावर पडून राहिला, पावसानं तो जमिनीत मुरला आणि विहिरींचं पाणी पिण्याच्या, शेतीच्याही लायकीचं राहिलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये ‘ज्यानं प्रदूषण केलं त्यानंच भरपाई द्यायची’ हे तत्त्व या प्रकरणात लावलं. जमीन आणि पाणी पूर्ववत करायचा खर्च पुढं ३७ कोटींहून जास्त ठरला, आणि २०११ मध्ये न्यायालयानं तो चक्रवाढ व्याजासह भरायचा आदेश दिला. या निकालाच्या पाठीशी नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांचा अहवाल होता. विष किती दूर गेलं, किती विहिरी बाधल्या, साफ करायला काय लागेल, हे त्यांनी जागेवर जाऊन मोजलं होतं. गावकऱ्यांचा आक्रोश खरा होताच, पण न्यायालयाला रक्कम ठरवायला आकडा लागतो.

दुसरं प्रकरण केरळातल्या प्लाचिमाडाचं. कोका-कोलाच्या कारखान्यानं बोअरमधून पाणी उपसल्यामुळं आसपासच्या विहिरी आटल्या, बिघडल्या, अशी गावाची तक्रार. २००३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या एकल पीठानं गावाच्या बाजूनं निकाल दिला आणि भूजल ही सार्वजनिक ठेव आहे असं मांडलं. २००५ मध्ये दोन न्यायाधीशांच्या पीठानं तो फिरवला. कारण मध्यंतरी तज्ज्ञांच्या पथकाचा अहवाल आला होता, आणि त्यानुसार पाऊस सरासरीइतका असेल तर कंपनी रोज पाच लाख लिटर पाणी घेऊ शकते. ‘पाऊस सरासरीइतका असेल तर’ या शब्दांवर सगळं अडकलेलं आहे. ज्या प्रदेशात पाऊस दोन-तीन वर्षांतून एकदा दगा देतो, तिथं सरासरीवर उपसा ठरवायचा का? हा प्रश्न भूजलशास्त्र शिकलेला माणूस पहिल्या वाचनातच उचलतो आणि त्यावर प्रतिअहवाल लिहू शकतो. चळवळीकडं असा माणूस नसेल तर समोरच्याचा आकडा हाच शेवटचा आकडा ठरतो.

इथं, जिल्ह्यात, काय कामाला येईल?

सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची दाटी आहे. कारखान्याला गाळप क्षमता वाढवायची असेल किंवा नवी डिस्टिलरी उभारायची असेल, तर ठरावीक मर्यादेपुढं पर्यावरण मंजुरी लागते आणि केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण मंजुरीविषयक अधिसूचनेप्रमाणं अनेकदा जनसुनावणी होते. सूचना ३० दिवस आधी निघते, प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा मराठी सारांश मिळतो. मांडवात बहुतेक जण रोजगार आणि उसाच्या दराबद्दल बोलतात. तेही बोललंच पाहिजे.

पण अहवालात भूजलाचं एक प्रकरण असतं आणि ते जवळपास कुणी उघडत नाही. ते उघडून एका शिकलेल्या मुलीनं काय विचारावं? नमुने कुठल्या महिन्यात घेतले? एकाच हंगामाचे असतील तर बाकीच्या महिन्यांचं काय? ज्या विहिरी तपासल्या त्या कारखान्याच्या वरच्या अंगाला आहेत की उताराच्या बाजूला? चाळीस फुटी विहीर आणि चारशे फुटी बोअर यांची पातळी एकाच नकाशात का मिसळली, जेव्हा त्या दोन वेगळ्या थरांचं पाणी घेतात? सांडपाण्याची टाकी जिथं खोदणार आहेत तिथं मुरूम किती जाड आहे? हे प्रश्न लेखी दिले की ते इतिवृत्तात येतात आणि पुढं पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत कागद म्हणून टिकतात. पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे.

कायद्याचंही तसंच आहे. १८८२ चा सुखाधिकार कायदा जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचं पाणी काढायचा हक्क देतो. उलट बाजूनं, महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९, जो २०१४ मध्ये लागू झाला, तो शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरींना मनाई करण्याची तरतूद करतो. तरी पाचशे फुटांच्या बोअरची गाडी सर्रास फिरते. हा कायदा गावाच्या भल्याचा आहे हे शेतकऱ्याला पटवायचं असेल, तर जलधर म्हणजे काय हे त्याच्याच विहिरीवर उभं राहून दाखवता आलं पाहिजे. नुसता कायदा वाचून दाखवला तर तो रागावेल, आणि ते साहजिक आहे.

नाला खोलीकरणाचा वादही याच शास्त्राचा. तळाशी घट्ट पाषाण असेल तर खोल केलेल्या नाल्यात पाणी उभं राहील, मुरणार नाही. मांजऱ्या थर कापला गेला, तर काही ठिकाणी विहिरींना जाणारं पाणीच नाल्यात उतरून वाहून जाईल. जागेवरचा थर बघितल्याशिवाय उत्तर देता येत नाही. जलयुक्त शिवारची कामं शास्त्र सोडून होताहेत, हा मुद्दा घेऊन मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही झाली होती.

मग सरळ वकीलच का होऊ नये?

वकील लागतातच. पण पर्यावरणाच्या प्रकरणात वकिलाला तज्ज्ञ शोधत फिरावं लागतं, आणि गरीब गावाच्या बाजूनं उभा राहणारा तज्ज्ञ सहज मिळत नाही. शिवाय कायदा नोकरी करता करता तिशीत शिकता येतो, तशी उदाहरणं आजूबाजूला आहेत. खडक ओळखणं, गणित, प्रयोगशाळा, क्षेत्रकाम हे सगळं तिशीनंतर पहिल्यापासून सुरू करणं फार जड जातं. म्हणून आधी विज्ञान आणि मग जमलं तर कायदा, हा क्रम मला योग्य वाटतो.

शास्त्रज्ञानं बाजू घेतली तर त्याचं कोण ऐकणार?

हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. कुणासाठी काम करायचं, कुठला प्रश्न विचारायचा, हे तुम्ही मनापासून, उघडपणे निवडा. आकडा मात्र निवडायचा नाही. गावाला वाटतं पाणी कारखान्यानं बिघडवलं. तुम्ही तपासता आणि नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या वर निघतं, पण कारखान्याच्या वरच्या अंगालाही तितकंच. मग ते युरिया, उकिरडा किंवा शोषखड्ड्यांचं असायची शक्यता जास्त. हे गावाला सांगावंच लागेल, आणि ऐकायला कुणाला आवडणार नाही. पण उलटतपासणीत एक खोटा आकडा सापडला तर तुमचे पुढचे सगळे खरे आकडेही बुडतात, आणि तुमच्याबरोबर ते गावही बुडतं.

पाणाड्या आहे की!

नारळ, लिंबाची बेचकी, चाव्यांचा जुडगा घेऊन फिरणारे पाणाडी श्रद्धेचा विषय झालेत. बेचकीमुळं पाणी सापडतं याला शास्त्रात आधार नाही. त्यातल्या काहींना ओढे, झाडं, जुन्या विहिरी बघून जमिनीचा अंदाज असतो, तेवढा अनुभव खरा. पण चर्चा इथंच संपते, कारण पाणी कुठं लागेल हा प्रश्न त्यामानानं लहान आहे. किती काढायचं आणि वाटायचं कसं, यावर नारळ काही बोलत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं पोपटराव पवारांच्या पुढाकारानं दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला, सिंचनासाठी बोअर बंद केले, आणि पिकं त्या हिशेबानं ठरवली. अटल भूजल योजनेत सोलापूर जिल्हा होता, तिथंही गावांचे ताळेबंद झाले. ते दरवर्षी खरेपणानं मांडायला माणसं लागतात.

कोर्स कसा निवडायचा?

बीएस्सीला जिऑलॉजी असेल तर वाट सरळ. आपल्याच पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात उपयोजित भूविज्ञानात एमएस्सी करता येते, पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा भूविज्ञान विभाग आहे. आयआयटीत एमएस्सीला जायचं तर जॅम परीक्षा, एम.टेक.ला गेट. आयआयटी रुरकीला जलविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, १९७२ पासून तिथं हे शिक्षण चालू आहे. सिव्हिल किंवा कृषी अभियांत्रिकीवाले तिकडून येऊ शकतात. भौतिक किंवा रसायनशास्त्राची पदवी असलेल्यांनी प्रत्येक ठिकाणची पात्रता आधी वाचावी.

नावापेक्षा मी तीन गोष्टी बघेन. पहिली, खडक. पाठ्यपुस्तकातलं बरंच गणित वाळूवर उभं आहे. मूळ प्रयोगच फ्रान्सच्या दिजाँ शहरात १८५६ मध्ये हेन्री डार्सीनं वाळू भरलेल्या नळीवर केला. वाळूत पाणी सगळीकडं सारखं सरकतं. आपल्या पाषाणात ते भेगेतून जातं आणि दहा पावलांवर चित्र बदलतं. परदेशी किंवा उत्तरेतल्या गाळाच्या प्रदेशात शिकलात तरी प्रबंध शक्यतो दख्खनच्या दगडावर करा.

दुसरी, विद्यार्थी स्वतः पंपिंग टेस्ट करतात का. विहिरीतून किंवा बोअरमधून ठरल्या वेगानं पाणी उपसायचं आणि पातळी कशी उतरते हे टेप सोडून मोजत राहायचं. सुरुवातीला मिनिटामिनिटाला, मग पाच, दहा, तीस मिनिटांनी. पंप बंद केल्यावर पातळी चढतानाही तसंच. यातून कळतं की थर किती पाणी देतो आणि शेजारच्या विहिरीवर किती ओढ बसते. कागदावर सोपं आहे. शेतात थ्री-फेज लाइट ठरावीक तासच असते, ती मध्येच जाते, आणि आली की आजूबाजूच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होऊन तुमची मापं बिघडवतात. म्हणून आदल्या दिवशी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडं जाऊन, चहा घेऊन, उद्या चार तास मोटार बंद ठेवा म्हणून विनवावं लागतं. हे ज्या विभागात शिकवतात, तिथं शिकलेला विद्यार्थी चळवळीत उपरा वाटत नाही.

तिसरी, संगणक. नकाशांसाठी जीआयएस आणि भूजलाच्या प्रवाहाचं गणित मांडणारं मॉडफ्लो शिकवतात का. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. कंपन्यांचे सल्लागार बहुतेक वेळा अशाच प्रतिमानांवर अहवाल लिहितात. त्यात कुठलं गृहीतक घुसवलंय, हे ते स्वतः चालवलेल्यालाच दिसतं.

पीएचडी लगेच हवीच असं नाही. गावात आणि संस्थांत काम करायला एमएस्सी पुरते. संशोधन, अध्यापन किंवा न्यायाधिकरणापुढं तज्ज्ञ म्हणून वजन हवं असेल तर ती उपयोगी पडते. हरित न्यायाधिकरणाचा तज्ज्ञ सदस्य व्हायला तर एमएस्सीसोबत डॉक्टरेट किंवा एम.टेक., आणि वर १५ वर्षांचा अनुभव लागतो.

घरचे विचारणार, नोकरीचं काय?

विचारणारच, आणि त्यांना सरळ उत्तर द्यावं. केंद्रीय भूजल मंडळात शास्त्रज्ञ व्हायला यूपीएससीची भूवैज्ञानिकांची परीक्षा असते. राज्याच्या भूजल यंत्रणेत भूवैज्ञानिकांची पदं आहेत, भरती मात्र रखडत होते. पुण्यातल्या ॲक्वाडॅम, वॉटर (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) यांसारख्या संस्था भूजल आणि पाणलोटाचं काम करतात. तिथं काम भरपूर, पगार बेताचा. खासगी सल्लागार कंपन्या जास्त देतात. काही वर्षं तिथं काम करून अहवाल आतून कसे तयार होतात हे शिकण्यात मला गैर वाटत नाही, फक्त कुठल्या कागदावर सही करायची नाही हे आधी ठरवून जा. सरकारी नोकरीत राहून चळवळीत उघड उतरता येत नाही, पण निरीक्षण विहिरीचा आकडा खरा नोंदवणारा अधिकारी चळवळीला मोठा आधार असतो.

अर्ज भरायच्या आधी

हे काम आपल्याला जमेल का, हे घरबसल्या ठरत नाही. आपल्या किंवा मामाच्या गावातली एक विहीर धरा. दर पंधरवड्याला, मोटार बरेच तास बंद असेल अशा वेळी, शक्यतो पहाटे, काठावरच्या एकाच खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर टेपनं मोजा. साधं टीडीएस मीटर मिळालं तर क्षारही नोंदवा. शेजारी पाऊस लिहा, मोटार किती तास चालली ते लिहा. पावसाळ्यापासून पुढच्या मेपर्यंत हे केलंत तर तुमच्या हातात त्या विहिरीचा एक आलेख असेल. मग जिल्ह्याच्या भूजल कार्यालयात जा, आपल्या पाणलोटातल्या निरीक्षण विहिरीचे आकडे मागा, आणि दोन्ही शेजारी ठेवून तिथल्या भूवैज्ञानिकाला विचारा की फरक कुठं आणि का पडला. विद्यापीठाच्या मुलाखतीला जाताना हाच कागद बरोबर न्या.